काकांचा हाफ डे

डोंबिवलीत पूर्ण दिवस कुणाकडेच नसतो. सकाळचा दीड तास गाडीचा, संध्याकाळचा दीड तास गाडीचा, मधला वेळ साहेबाचा, आणि उरलेल्यात दूध, पाणी, कुकर आणि झोप. रविवार म्हणाल तर तो मेगाब्लॉकचा. त्यामुळे इथे कुणी ‘फिरायला जाऊ या’ म्हणालं की समोरचा आधी विचारतो, ‘परत कितीला?’ कुठे जायचं ते मागाहून.

या प्रश्नाला ज्यांनी आयुष्य वाहिलं ते आमच्या ब विंगेतले टाइमटेबलकाका. त्यांच्या दारावरच्या पाटीवर वेगळं नाव आहे, पण ते आता फक्त वीज बिलावर येतं. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीच्या भाषणात साहेबांचे आभार मानायच्या आधी मोटरमनचे मानले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घड्याळ अजून पाच मिनिटं पुढे असतं. ‘पुढे का हो?’ म्हटलं तर म्हणतात, ‘जिना धरला नाही का तुम्ही?’

काकांचं शास्त्र एकच, हाफ डे. वर्षाला आठ किरकोळ रजा मिळत. सामान्य माणूस त्यांचे आठ दिवस करी. काका त्यांचे सोळा अर्धे करीत. पूर्ण रजा घेणारा माणूस त्यांच्या लेखी उधळ्या. ‘पूर्ण दिवस घरी राहिलात की घरचे माळा काढायला लावतात. हाफ डेला तसं नसतं. हाफ डेचा माणूस घरात असला तरी कचेरीत असतो आणि कचेरीत असला तरी सुटलेला असतो.’ थोरल्या मुलीला बघायला आले तो हाफ डे. डोळ्यांचं ऑपरेशन, हाफ डे. सख्ख्या मेहुण्याचं लग्न दादरला होतं म्हणून अक्षता टाकून, पहिल्या पंगतीला बसून काका तीनच्या आत टेबलावर हजर. काकू सांगतात, आमची मधुचंद्राची खोलीसुद्धा माथेरानला बारा वाजता सोडायची होती तर हे साडेअकरालाच बॅग घेऊन दारात.

आता निवृत्तीनंतर सगळे दिवस आख्खे मिळाले. पण ज्याने आयुष्यभर सुट्टे मोजले त्याच्या हातात एकदम मोठी नोट पडली तर तो काय करणार? काका ती मोडतात आणि निम्मी परत ठेवतात.

तर २०२२ साली त्यांच्या नववीतल्या नातीला भूगोलात रांजणखळगे आले. नदीच्या पात्रातल्या खडकाला पडलेले गोल, खोल खड्डे, रांजणासारखे. नात म्हणाली, ‘आजोबा, मला हे खरे बघायचेत.’ दुसऱ्या कुणा आजोबांनी मोबाइलवर चित्र दाखवून विषय मिटवला असता. काकांनी फाइल उघडली. खरोखरीची फाइल, नाडीवाली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘विषय : नैसर्गिक कुंडे, प्रत्यक्ष पाहणी (अर्धा दिवस).’ कंसातलं लाल शाईने.

मग गच्चीवर बैठक. सोसायटीतले आम्ही अकराजण आणि समोर काका.

पहिलं नाव निघोजचं निघालं. कुकडी नदीच्या पात्रात, पारनेर तालुक्यात, काठावर मळगंगेचं देऊळ. रांजणखळगे म्हटलं की पुस्तकात ज्याचं नाव येतं तेच हे. काकांनी मान डोलावली, कौतुक केलं आणि लिहिलं, ‘उत्तम. पूर्ण दिवस. नामंजूर.’ मग कुणी देवकुंड म्हणालं. भिऱ्याला, कुंडलिकेच्या उगमाशी, उंच धार थेट डोहात पडते. ‘भिऱ्याला पोचायचं कधी, तिथून रानातून चालायचं कधी आणि दीडला पानावर बसायचं कधी?’ देवकुंड गेलं. काकांच्या योजनेत ‘दीडला घरी जेवण’ ही अट घटनेसारखी होती. बाकी कलमं दुरुस्त होत, ही नाही.

तिसरं नाव सांदणचं. हे अ विंगेतल्या ट्रेकर मुलाने सुचवलं. दोन्ही अंगांना ताशीव कडे, मधे जेमतेम माणूस जाईल एवढी चीर, आणि वाटेत कमरेएवढं गार पाणी. वरचं तोंड अकोले तालुक्यात साम्रदला आणि खाली उतरलात की आपला शहापूर तालुका. ‘म्हणजे काका, निम्मी दरी आपल्याच जिल्ह्याची!’

‘निम्मी आपली असेल,’ काका म्हणाले, ‘पण उतरायला दिवस पूर्ण लागतो. शिवाय कसारा लाइन.’

हे शेवटचे दोन शब्द त्यांनी खालच्या आवाजात उच्चारले. कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे, आणि काकांच्या मते माणसंही तिथेच फुटतात. कसारा लाइनवाला स्वभावाने वारकरी. गाडी गेली तर गेली, पुढची येईपर्यंत नाम घेत बसायचं. ‘कर्जतकडे निदान बदलापूरपर्यंत तरी माणुसकी आहे. गाडी चुकली तर दुसरी दिसते.’ माणुसकी म्हणजे वारंवारिता, हे मला त्या दिवशी कळलं.

अशा रीतीने बदलापूरचं कोंडेश्वर ठरलं. स्टेशनपासून पूर्वेला आठेक किलोमीटर, खरवईवरून रस्ता, भोजच्या धरणाच्या अंगाने पुढे गेलं की डोंगराच्या कुशीत महादेवाचं देऊळ, आणि देवळाशेजारी काळ्या कातळातून उतरणारा ओढा नि त्याने कोरलेली कुंडं. डोंबिवलीहून ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. सहावं स्टेशन. काकांनी ‘सहावं’ अशा प्रेमाने म्हटलं की जणू कुंडं रेल्वेनेच खोदून घेतली होती.

आता हंगाम. पावसाळ्यात कोंडेश्वर सुंदर दिसतं हे बदलापुरातलं शेंबडं पोर सांगेल, पण त्याच दिवसांत तिथे जायला मनाई असते. कुंडं खोल, कडा निसरड्या, वर पाऊस झाला की ओढा पाहता पाहता फुगतो, आणि दरवर्षी कुणाचं तरी पोर बुडतं. मग प्रशासन धबधबे, धरणं आणि अशा जागांवर बंदीचा हुकूम काढतं. हा हुकूम काकांना मनापासून आवडे. त्यांच्या फाइलमधलं सगळ्यांत नीट जपलेलं पान तेच होतं. आधी त्यावर ‘कलम १४४’ होतं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला तेव्हा काकांनी १४४ वर एक आडवी रेघ मारून वर ‘१६३’ लिहिलं आणि बाजूला सही केली. अख्ख्या सोसायटीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची अंमलबजावणी करणारे ते पहिले.

तरी कुणी ‘जुलैत लांबून बघू की’ म्हणालं तर काका नुसतं ‘महालक्ष्मी’ म्हणत. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकून पडली. हजाराहून जास्त प्रवासी बोटींनी बाहेर काढले. काकांना त्यातली बोट आठवत नव्हती, ‘गाडीचं पुढचं वेळापत्रक’ आठवत होतं.

काकूंचं म्हणणं होतं की मे-जूनमध्ये जाऊ या, बदलापूरची जांभळं मिळतील. त्या जांभळांचं नाव आहेच. पण मेमध्ये ओढ्यात पाणी नाही, आणि पाण्याशिवाय कुंड म्हणजे काकांच्या भाषेत ‘इंडिकेटर आहे पण गाडी नाही.’ काकू म्हणाल्या, ‘मग जांभळं खाऊ.’ ही सूचना टिपणीत आली नाही.

म्हणजे उरला हिवाळा. रविवार मेगाब्लॉकमुळे बाद. बाकीचे वार नोकरीमुळे बाद. शनिवारी आमच्यातल्या दोघा बँकवाल्यांना फक्त दुसरा आणि चौथा मोकळा. म्हणून डिसेंबरातला चौथा शनिवार. त्या वर्षीच्या त्या शनिवारी काकांचे साडू वारले. पुढच्या वर्षी नातीची दहावीची पूर्वपरीक्षा. तिसरं साल उजाडलं तेव्हा नात अकरावी कॉमर्सला गेली होती आणि भूगोल तिच्या आयुष्यातून कायमचा वाहून गेला होता. पण फाइल उघडलेली होती. उघडलेली फाइल बंद करायची तर काम व्हावं लागतं. काका त्या अर्थाने अतिशय धोकादायक माणूस.

मधल्या काळात विघ्नं आलीच. तळमजल्यावरचे एक हिशेबी गृहस्थ म्हणाले, त्या ओढ्याचं पाणी शेवटी उल्हास नदीलाच मिळतं, उल्हासचं पाणी मोहिलीला उपसतात आणि तेच महापालिका आपल्या टाकीत सोडते. मग जे पाणी रोज सकाळी घरी येतं ते बघायला तिकीट काढून कशाला जायचं? काका विचारात पडले. त्यांनाही तो मुद्दा पटण्यासारखा वाटत होता. शेवटी म्हणाले, ‘आपल्याकडे येतं ते प्रेशरने येत नाही.’

दुसऱ्या एक वहिनी म्हणाल्या, वाटेत अंबरनाथचं शिवमंदिर करू या का? एवढं शिलाहारांच्या काळातलं कोरीव देऊळ, पाऊण तास फार तर. काकांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, ‘वहिनी, ते १०६० पासून तिथेच आहे. पुढच्या महिन्यातही असेल.’

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रांजणखळगा म्हणजे काय, हे मला कुठल्या पुस्तकाने समजावलं नाही इतकं काकांनी त्या गच्चीवर समजावलं. नात म्हणत होती, कातळात आधी बारीकसा खोलगट भाग असतो, त्यात पाण्याचा भोवरा होतो, भोवऱ्यात गोटे अडकतात, गरगर फिरतात आणि खडक घासत घासत खाली जातात. काका म्हणाले, ‘थांब. आपला डबा घे. दारातून आत आलं की मधे दांडा. गर्दीत शिरलेला माणूस पुढेही जात नाही, मागेही जात नाही, त्या दांड्याभोवती फिरतो. मुंब्र्याला अर्धा, ठाण्याला आख्खा, घाटकोपरला पुन्हा उलटा. रोज. एक गोटा झिजून रिटायर झाला की त्याच्या जागी दुसरा येतो. फिरणं थांबत नाही. चौतीस वर्षं मी एक दांडा धरला. जाऊन बघ, माझ्या खांद्याच्या उंचीला बारीक झालाय.’

नात म्हणाली, ‘पण आजोबा, हा सह्याद्रीचा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्याला इतका वेळ लागलाय आणि आपण त्याला किती देणार?’

‘एक तास दहा मिनिटं. पुरे. झालेलं काम बघायला किती वेळ लागतो?’

शेवटचा कागद निघाला तो मी अजून जपून ठेवला आहे. सहा बावन्नची बदलापूर. पुढून चौथा डबा, कारण बदलापूरला तो पुलासमोर येतो. चहा, बारा मिनिटं (बिस्किटं स्वतःची). रिक्षा, पंचवीस मिनिटं. देवदर्शन, सात मिनिटं. कुंडदर्शन, एक तास दहा मिनिटं. त्यात ‘अहाहा’ला पाच मिनिटं, सामूहिक फोटोला चार, वैयक्तिक फोटो वेळ उरल्यास. पाण्यात उतरणे, शून्य मिनिटं. खाली टीप : ‘गुडघ्याच्या वर पाणी म्हणजे समुद्र समजावा.’ या टिपेबद्दल मी काकांना शंभर गुन्हे माफ करतो.

अकराजणांनी नावं दिली, सातजण आले. सहा बावन्नला काका सहा वाजून चोवीस मिनिटांनी प्लॅटफॉर्मवर. शनिवारची पहाट, गर्दीच्या उलट दिशा, सबंध डबा मोकळा. आम्ही पाय पसरून बसलो. काका दारापाशी दांडा धरून उभे. ‘बसा हो काका.’ ‘नको, आता उतरायचंच आहे.’ हे कल्याणला. उल्हासनगर गेलं तेव्हा त्यांनी आम्हाला उठवलं, ‘चला, पुढे सरका, दारात या.’ आमच्या पुढे कुणीच नव्हतं. तरी आम्ही सरकलो, आणि अंबरनाथला आमच्यातले एक बँकवाले सवयीने ‘बदलापूर उतरणार का?’ असं त्या मोकळ्या डब्याला विचारून बसले.

आणि इथे योजना फसली. म्हणजे काकांच्या योजना फसतात तशी, उलटी. गाडी वेळेवर. चहावाला तयार. रिक्षावाले तिघेही पहिल्या शब्दाला ‘बसा’ म्हणाले. रस्त्यावर एक म्हैस सोडली तर कुणी नाही. आम्ही कोंडेश्वरला अठरा मिनिटं आधी पोचलो.

अठरा मिनिटं! आयुष्यभर माणसाला उशिराची तयारी असते. काकांच्या कागदात उशिरासाठी तीन पर्याय होते, अ, ब आणि क. लवकर पोचलो तर काय करायचं, याला पर्याय नव्हता. काका देवळाच्या पायरीवर येरझाऱ्या घालू लागले. ‘बघायला सुरुवात करू या ना,’ मी म्हटलं. ‘आठ पस्तीसला आहे बघणं.’

शेवटी नातच त्यांना हाताला धरून कातळावर घेऊन गेली. डिसेंबरात ओढा बारीक होता, खडकाच्या कानाशी काही सांगितल्यासारखा वाहत होता. खालची कुंडं मात्र हिरवीगार आणि गप्प; तळ दिसत नव्हता. काकांनी पिशवीतून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली आणि कडेपासून चांगली दहा हात अलीकडे कातळावर आडवी टाकली. ‘या दोरीपलीकडे कुणी नाही. सेक्रेटरीसुद्धा नाही.’ मग त्यांना बरं वाटलं. प्लॅटफॉर्मला पिवळी पट्टी आली.

दोरीच्या अलीकडेच एक छोटा खळगा सापडला, उखळाएवढा, आता कोरडा. तळाशी तीन गोटे, सुपारीसारखे गुळगुळीत. काका उकिडवे बसले, आत हात घातला आणि एक गोटा बोटांनी फिरवून बघितला. फिरला. दगडावर दगडाचा खर्र असा आवाज आला.

‘हा डोंबिवलीचा नसणार,’ काका म्हणाले. ‘डोंबिवलीकराला आत इतकी जागा मिळत नाही.’

नातीने एक गोटा खिशात टाकायला उचलला तर तिला तो परत ठेवायला लावला. ‘असू दे. ड्यूटीवर आहे तो.’ आणि मग बराच वेळ ते तिथेच बसून राहिले. ‘अहाहा’ची पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली. मी घड्याळाकडे बघितलं, कारण ते बघत नव्हते. मला वाटलं, फाइल बंद झाली आणि माणूस उघडला. पण माझं चुकलं. नऊ वाजून पंचेचाळीस मिनिटांनी काकांनी गळ्यातली शिट्टी वाजवली.

‘चला. रिक्षा उभ्या आहेत. दहा सदतीस.’

सगळे उठले. काकू उठल्या नाहीत. अलीकडच्या उथळ धारेत, जिथे जेमतेम घोटा बुडेल, तिथे साडी वर खोचून, पाय सोडून त्या बसल्या होत्या. शेजारी वहिनी, वहिनींच्या शेजारी नात. मधे डबा उघडा. काकूंनी घरून थालीपीठं आणली होती, जी कुठल्याच कागदावर नव्हती.

‘अहो, ऐकलंत का? दहा सदतीस.’

‘तुम्ही व्हा पुढे.’

‘पुढे म्हणजे?’

काकूंनी पाण्यातला एक पाय वर काढला, बघितला आणि परत आत घातला. ‘मी आज फुल डे टाकलाय.’

चौतीस वर्षांच्या नोकरीत काकांनी असा अर्ज बघितला नसावा. आधी लेखी नाही, शिफारस नाही, आणि अर्जदार जाग्यावर नाही असंही म्हणता येत नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, काकूंकडे बघितलं, दोरी गुंडाळायला वाकले, मग ती तशीच राहू दिली. ‘दोरीपलीकडे जाऊ नका,’ एवढंच म्हणाले आणि रिक्षात बसले.

आम्ही चौघं परतलो. कागदावर दीडला जेवण होतं. अकरा पंचवीसला काका तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या दारात उभे. मग त्यांनी खिसे चाचपले. किल्ली काकूंच्या पर्समध्ये होती.

मी आमच्याकडे जेवायला बोलावलं. ‘नको, घरी ठरलंय,’ म्हणाले. चहा घेतला, तोही उभ्याने. नंतर जिन्याच्या पायरीवर फाइल मांडीवर घेऊन बसले. तीनला बघितलं तेव्हा बसलेले. सव्वाचारला इस्त्रीवाला त्यांना वळसा घालून वर गेला. पावणेसहाला खालून बायकांचं हसू ऐकू आलं. तिघी वर आल्या, बदलापूर स्टेशनाबाहेरच्या भज्यांचा वास सोबत घेऊन, आणि नातीच्या खांद्यावर ती नायलॉनची दोरी, व्यवस्थित गुंडाळलेली.

काका उठून उभे राहिले.

‘जेवलात का?’ काकूंनी पर्समध्ये किल्ली शोधत विचारलं.

‘अकरा पंचवीसला पोचलो,’ काका म्हणाले.